आगाखान पॅलेस ज्यांच्या नावाचा, ते आगाखान नेमके कोण होते?

पुण्यातला आगाखान पॅलेस म्हटलं की १९४२ चं 'चले जाव' आंदोलन आठवतं. महात्मा गांधी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू यांना इंग्रजांनी इथंच स्थानबद्ध केलं होतं. महादेवभाई आणि कस्तुरबा यांचं निधन याच वाड्यात झालं आणि त्यांच्या समाध्याही इथंच आहेत. शाळेच्या सहलीतून हा वाडा पाहिलेले लाखो लोक महाराष्ट्रात सापडतील. पण वाड्याला ज्यांचं नाव आहे ते आगाखान कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर असतं, "असतील कुठले तरी नवाब."

ते नवाब नव्हते. त्यांच्याकडे एक गावही राज्य म्हणून नव्हतं. तरी इंग्रज सरकार त्यांना अकरा तोफांची सलामी द्यायचं, गोलमेज परिषदेत ते मुस्लिम प्रतिनिधींचे नेते होते आणि १९३७ मध्ये ते राष्ट्रसंघाच्या महासभेचे अध्यक्ष झाले. त्यांचं नाव सर सुलतान मुहम्मद शाह, म्हणजेच तिसरे आगाखान.

आगाखान हे नाव की पदवी?

'आगाखान' हे आडनाव नसून पदवी आहे. शिया मुस्लिमांमध्ये निझारी इस्माइली नावाचा एक पंथ आहे. प्रत्येक काळात एक हयात इमाम असतो आणि धर्माचा अर्थ लावण्याचा अधिकार त्याचा असतो, अशी या पंथाची श्रद्धा आहे. इमामपद वंशपरंपरेनं चालतं.

या पंथाचे ४६ वे इमाम हसन अली शाह इराणमध्ये राहायचे. इराणचे शाह फतह अली यांनी त्यांना 'आगाखान' ही पदवी दिली. पुढे इराणच्या दरबाराशी त्यांचं बिनसलं, बंड फसलं आणि १८४० च्या दशकात ते अफगाणिस्तान आणि सिंधमार्गे मुंबईला आले. सिंधच्या मोहिमेत त्यांनी इंग्रजांना मदत केली होती. त्यामुळे इंग्रजांचा आश्रयही मिळाला.

मुंबईत त्यांचे अनुयायी आधीपासून होते. सिंध, कच्छ आणि गुजरातमधला खोजा हा व्यापारी समाज इमामाला मानायचा आणि आपल्या उत्पन्नातला ठरावीक वाटा, म्हणजे 'दसोंद', इमामाकडे पाठवायचा. पण इमाम स्वतःच मुंबईत येऊन राहिल्यावर काही खोजांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. समाजाची मालमत्ता कोणाची? जमातखान्यावर हक्क कोणाचा?

हा वाद मुंबई हायकोर्टात गेला. १८६६ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी निकाल दिला की खोजा हे शिया इमामी इस्माइली आहेत आणि आगाखान त्यांचे इमाम आहेत. हा खटला 'आगाखान केस' म्हणून प्रसिद्ध आहे. धार्मिक श्रद्धेवर उभ्या असलेल्या अधिकाराला यामुळे कायद्याचं बळ मिळालं. आगाखान घराण्याच्या पुढच्या सार्वजनिक जीवनाचा पाया या निकालात आहे.

सातव्या वर्षी इमाम

सुलतान मुहम्मद शाह यांचा जन्म २ नोव्हेंबर १८७७ रोजी कराचीत झाला. वडील अली शाह हे दुसरे आगाखान. आई शमसुल मुलूक इराणच्या राजघराण्यातल्या, फतह अली शाह यांची नात.

ऑगस्ट १८८५ मध्ये वडिलांचं पुण्यात निधन झालं आणि सात वर्षांचा मुलगा ४८ वा इमाम झाला. बालपण मुंबई आणि पुण्यात गेलं. घरचा कारभार आणि मुलाचं शिक्षण आईनं पाहिलं. फारसी, अरबीबरोबर इंग्रजी आणि फ्रेंचही त्यांना शिकवण्यात आलं. पुण्याचा वाडा १८९२ चा. तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचे होते. दुष्काळानं गांजलेल्या आसपासच्या गावकऱ्यांना काम मिळावं म्हणून तो बांधायला घेतला, असं सांगितलं जातं.

प्लेगची लस आणि एकोणीस वर्षांचे इमाम

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. सरकारनं घरांची झडती, सक्तीनं दवाखान्यात हलवणं असे उपाय केले आणि लोक बिथरले. पुण्यात तर या जाचातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या.

याच काळात वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईत प्लेगची लस तयार करत होते. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण लोक लस घ्यायला तयार नव्हते. सरकारवर विश्वास नव्हता, मग सरकारी सुईवर कुठून असणार?

आगाखानांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी 'खुश्रू लॉज' ही आपली इमारत दिली. शिवाय अनुयायांसमोर त्यांनी स्वतः लस टोचून घेतली. परिणाम लगेच दिसला. खोजा समाजातल्या दहा-बारा हजार लोकांनी लस घेतली. मुंबईतल्या या समाजाचा हा जवळपास निम्मा भाग होता. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच.

पोलिसी बळानं जे साधत नव्हतं ते एका धर्मगुरूच्या शब्दानं साधलं, हे इंग्रज सरकारनं पाहिलं. लोकांवर वजन असलेला, इंग्रजी जाणणारा आणि सरकारशी जमवून घेणारा हा तरुण त्यांना हवाच होता. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी त्यांना केंद्रीय कायदेमंडळात नेमलं. तेव्हा त्यांचं वय जेमतेम पंचवीस होतं.

सिमल्याचं शिष्टमंडळ

आगाखानांच्या सार्वजनिक जीवनातली सगळ्यात वादग्रस्त तारीख आहे १ ऑक्टोबर १९०६. त्या दिवशी ३५ मुस्लिम पुढाऱ्यांचं शिष्टमंडळ घेऊन ते सिमल्याला व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना भेटले. इंग्रज सरकार कायदेमंडळांत सुधारणा करणार होतं आणि निवडणुकीचा मार्ग थोडा खुला होणार होता. शिष्टमंडळाच्या मुख्य मागण्या दोन होत्या. एक, मुस्लिमांचे प्रतिनिधी मुस्लिम मतदारांनीच निवडावेत. दोन, लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा थोड्या जास्त जागा मिळाव्यात.

याला 'स्वतंत्र मतदारसंघ' म्हणतात. राखीव जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ यांत मोठा फरक आहे. राखीव जागेवर उमेदवार ठरावीक समाजाचा असतो, पण मत सगळेच देतात. स्वतंत्र मतदारसंघात उमेदवारही त्याच समाजाचा आणि मतदारही त्याच समाजाचे. म्हणजे निवडून यायला दुसऱ्या समाजाच्या दारात जायची गरजच उरत नाही.

मिंटो यांनी मागणी तत्त्वतः मान्य केली आणि १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमध्ये ती कायद्यात आली. दरम्यान डिसेंबर १९०६ मध्ये ढाक्यात मुस्लिम लीगची स्थापना झाली. आगाखान तिचे पहिले कायम अध्यक्ष झाले आणि १९१३ पर्यंत त्या पदावर राहिले.

समर्थकांचं म्हणणं असं की मतदानाचा हक्क मालमत्ता आणि शिक्षणावर ठरत असताना मागे राहिलेल्या मुस्लिम समाजाला कायदेमंडळात जागाच मिळाली नसती. टीकाकारांचं म्हणणं असं की इंग्रजांना फूट हवीच होती आणि शिष्टमंडळानं ती हातात आणून दिली. मौलाना मोहम्मद अली हे लीगच्या स्थापनेपासूनचे पुढारी. त्यांनीच १९२३ मध्ये काकीनाड्याला काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून बोलताना सिमल्याचं शिष्टमंडळ म्हणजे वरून आलेल्या हुकमाबरहुकूम झालेला खेळ होता, अशा अर्थाची टीका केली.

मुंबईतले तरुण वकील मोहम्मद अली जिना हे १९०६ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात होते, असं आगाखानांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे. दोघांचा जन्म कराचीचा आणि जिनांचं घराणंही मूळ खोजा इस्माइलीच. पुढे तेच जिना ही मागणी कुठवर घेऊन गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसनंही स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले आणि त्या कराराच्या मागे लोकमान्य टिळक ठामपणे उभे होते. त्यामुळे सगळं खापर एकट्या आगाखानांवर फोडता येत नाही. पण सुरुवात त्यांच्या नेतृत्वाखाली झाली, ही गोष्ट खरी आहे.

अलिगढसाठी वर्गणी, गोखल्यांचा मसुदा

याच माणसाची दुसरी बाजू शिक्षणाची. सर सय्यद अहमद खान यांच्या अलिगढच्या कॉलेजचं विद्यापीठ व्हावं म्हणून १९११ मध्ये आगाखानांनी देशभर फिरून निधी जमवला. स्वतः एक लाख रुपये दिले. या दौऱ्यात त्यांचे सहायक होते मौलाना शौकत अली. १९२० मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झालं आणि आगाखान त्याचे प्र-कुलपती झाले.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांची चांगली मैत्री होती. १९१५ च्या फेब्रुवारीत, मृत्यूच्या काही दिवस आधी, गोखल्यांनी भारतातल्या राजकीय सुधारणांचा एक मसुदा लिहिला. त्याची प्रत त्यांनी फिरोजशहा मेहता आणि आगाखान यांच्याकडे दिली. 'गोखल्यांचं राजकीय मृत्युपत्र' म्हणून ओळखला जाणारा हा मसुदा १९१७ मध्ये आगाखानांनीच लंडनमध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या वर्षी त्यांचं 'इंडिया इन ट्रान्झिशन' हे पुस्तक आलं. प्रांतांना स्वायत्तता देणारं संघराज्य ही त्यातली मुख्य कल्पना होती.

खलिफा वाचवायला गेले आणि...

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान इंग्रजांच्या विरोधात उतरलं. तुर्कस्तानचा सुलतान हा सुन्नी मुस्लिमांचा खलिफा. तरी आगाखानांनी भारतीय मुस्लिमांना इंग्रजांची बाजू घ्यायला सांगितलं. १९१६ मध्ये इंग्रजांनी त्यांना मुंबई इलाख्यातल्या पहिल्या दर्जाच्या संस्थानिकाचा मान आणि अकरा तोफांची सलामी दिली. संस्थान मात्र नव्हतंच.

युद्धानंतर तुर्कस्तानात मुस्तफा केमाल यांची सत्ता आली. खिलाफत टिकावी म्हणून नोव्हेंबर १९२३ मध्ये आगाखान आणि सय्यद अमीर अली यांनी तुर्की पंतप्रधान इस्मत पाशा यांना पत्र लिहिलं. हे पत्र अंकाऱ्याला पोहोचण्याआधीच इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं आणि भडका उडाला. इंग्रजांच्या जवळचे दोन भारतीय शिया पुढारी तुर्कांच्या सुन्नी खिलाफतीबद्दल सांगणार, हे केमाल यांच्या गटाला परकी ढवळाढवळ वाटली. पत्र छापणाऱ्या संपादकांवर खटले चालले. ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द झाली. ती जाणारच होती, पण या पत्रानं केमाल यांच्या हाती आयतं कारण दिलं.

आगाखानांच्या प्रभावाची मर्यादा या प्रकरणात उघडी पडली. भारतात इंग्रजांशी असलेली जवळीक ही त्यांची ताकद होती. तीच अंकाऱ्यात अडचण झाली.

गोलमेज परिषद आणि बाबासाहेब

१९३० ते १९३२ या काळात लंडनमध्ये तीन गोलमेज परिषदा झाल्या. आगाखान मुस्लिम प्रतिनिधींचे नेते होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिन्ही परिषदांना हजर होते, गांधीजी फक्त दुसऱ्या.

दुसऱ्या परिषदेत सगळी गाडी अल्पसंख्याकांच्या प्रश्नावर अडली. लंडनच्या रिट्झ हॉटेलात आगाखानांच्या खोल्यांमध्ये गांधीजी आणि मुस्लिम नेत्यांच्या रात्री उशिरापर्यंत बैठका झाल्या. तोडगा निघाला नाही. नोव्हेंबर १९३१ मध्ये मुस्लिम, अस्पृश्य वर्ग, भारतीय ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन आणि युरोपियन यांच्या प्रतिनिधींनी एक संयुक्त मागणीपत्र सादर केलं. त्यावर मुस्लिमांच्या वतीनं आगाखानांची आणि अस्पृश्य वर्गाच्या वतीनं बाबासाहेबांची सही होती. मागणी होती स्वतंत्र मतदारसंघांची.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅमसे मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्य वर्गाला दिलेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण केलं आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. अस्पृश्य वर्गासाठी स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. मुस्लिमांचे स्वतंत्र मतदारसंघ मात्र तसेच राहिले. फाळणीच्या तोंडावर झालेल्या १९४५-४६ च्या निवडणुकांत केंद्रीय कायदेमंडळातल्या सर्वच्या सर्व ३० मुस्लिम जागा लीगनं जिंकल्या, त्या याच पद्धतीत.

जिनिव्हातला अध्यक्ष

पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेला राष्ट्रसंघ ही आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संस्था. भारत पारतंत्र्यात असूनही तिचा सदस्य होता आणि प्रतिनिधी इंग्रज सरकार नेमायचं. १९३२ पासून आगाखान जिनिव्हात भारतातर्फे बोलू लागले. १९३७ मध्ये ते महासभेचे अध्यक्ष निवडले गेले. पारतंत्र्यातल्या देशाचा प्रतिनिधी जगातल्या स्वतंत्र देशांच्या सभेच्या खुर्चीत बसला होता.

पण तोवर राष्ट्रसंघात जीव उरला नव्हता. जपान चीनमध्ये घुसला होता, इटलीनं इथिओपिया गिळला होता. आगाखानांचा भर समझोत्यावर होता. १९३७ मध्ये ते हिटलरलाही भेटले आणि दुसऱ्या वर्षी झालेल्या म्युनिक कराराचं त्यांनी समर्थन केलं. हिटलरशी बोलून युद्ध टळेल, हा त्यांचा अंदाज साफ चुकला. युद्धाची वर्षं त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये, राजकारणापासून दूर काढली. गांधीजी त्यांच्या पुण्याच्या वाड्यात कैदेत होते तो काळ हाच.

हिऱ्यांत तुला, पण पैसा कुठे गेला?

सर्वसामान्य लोकांना आगाखान माहीत होते ते वेगळ्याच कारणांनी. त्यांच्या घोड्यांनी इंग्लंडची एप्सम डर्बी पाच वेळा जिंकली: १९३०, १९३५, १९३६, १९४८ आणि १९५२ मध्ये. त्यांची चार लग्नं झाली. आणि अनुयायांनी केलेल्या त्यांच्या तुलेच्या बातम्या तर जगभर गाजल्या. जानेवारी १९३६ मध्ये मुंबईत सुवर्णतुला झाली. १० मार्च १९४६ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिऱ्यांनी तुला झाली. तराजूच्या एका पारड्यात सुमारे ११० किलोंचे आगाखान, दुसऱ्यात हिऱ्यांच्या पेट्या. त्याच वर्षी दार-ए-सलाममध्येही अशीच तुला झाली. १९५४ मध्ये कराचीत प्लॅटिनमची पाळी आली, पण ती प्रतीकात्मक होती.

गरीब देशात हा थाट कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. घोडे, बंगले आणि युरोपातलं राहणं पाहता आगाखानांचं खासगी आयुष्य साधं होतं, असं कोणी म्हणणार नाही. पण तुलेच्या वेळी जमलेला निधी त्यांनी समाजाच्या कामाकडे वळवला. पूर्व आफ्रिकेत त्यातून डायमंड ज्युबिली इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट उभा राहिला. छोट्या व्यापाऱ्यांना आणि घर घेणाऱ्यांना कर्ज देणारी ही संस्था पुढे डायमंड ट्रस्ट बँक झाली. ठिकठिकाणी 'डायमंड ज्युबिली' नावाच्या शाळा निघाल्या. मुंबईतही त्या नावाची शाळा आहे. माझगावचं प्रिन्स अली खान हॉस्पिटल १९४५ चं.

या कामाची सुरुवात बरीच आधी झाली होती. १९०५ मध्ये कच्छमधल्या मुंद्र्यात शाळा निघाली. त्याच वर्षी झांझिबारमध्ये इस्माइली समाजासाठी लेखी नियमावली तयार झाली. स्थानिक परिषदा, त्यांचे पदाधिकारी, लग्न आणि घटस्फोटाचे नियम हे सगळं कागदावर आलं. एका माणसाच्या शब्दावर चालणारा समाज नियमांच्या चौकटीत यायला लागला. शेवटचा शब्द इमामाचाच राहिला, पण रोजचा कारभार परिषदांकडे गेला.

मुलींच्या शिक्षणाबद्दल ते ठाम होते. मुलगा आणि मुलगी यांपैकी एकालाच शिकवण्याची ऐपत असेल तर मुलीला शिकवा, कारण ती पुढे आपल्या मुलांना शिकवते, असं ते अनुयायांना सांगत. पडद्याच्या प्रथेलाही त्यांचा विरोध होता.

मुलाला डावलून नातवाला गादी

११ जुलै १९५७ रोजी जिनिव्हाजवळ वेर्स्वा इथं त्यांचं निधन झालं. इजिप्तमध्ये आस्वानला, नाईल नदीकाठी त्यांची कबर आहे. इमामपदाची त्यांची कारकीर्द ७२ वर्षांची.

मृत्युपत्र उघडल्यावर सगळ्यांना धक्का बसला. मुलगा अली खान यांच्याऐवजी त्यांनी वीस वर्षांचा नातू करीम याला वारस नेमलं होतं. जग अणुयुगात शिरलं आहे, अशा काळात नव्या विचारांचा तरुण इमाम हवा, असं कारण दिलं होतं. करीम, म्हणजे चौथे आगाखान, यांनी आजोबांच्या संस्थांना आगाखान डेव्हलपमेंट नेटवर्कचं रूप दिलं. पुण्याचा वाडा १९६९ मध्ये त्यांनीच गांधीजींच्या स्मृतीसाठी देशाला दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये लिस्बनमध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यांचे पुत्र रहीम हे पाचवे आगाखान झाले. तिसऱ्या आगाखानांचे धाकटे पुत्र सदरुद्दीन १९६५ ते १९७७ या काळात संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त होते.

मग त्यांचं मूल्यमापन कसं करायचं?

तिसऱ्या आगाखानांनी दोन प्रकारचं नेतृत्व केलं. एक, स्वतःच्या छोट्या इस्माइली समाजाचं. तिथं लोकांनी त्यांना श्रद्धेनं मानलं होतं, त्यांचा शब्द चालत होता आणि कामाचा हिशेब शाळा, दवाखाने, बँकांच्या रूपात दिसत होता. दोन, भारतातल्या सगळ्या मुस्लिमांचं. हे नेतृत्व त्यांना निवडणुकीतून मिळालं नव्हतं. कोट्यवधी सुन्नी मुस्लिमांच्या वतीनं एक शिया इमाम बोलत होता, आणि त्याचं बोलणं ऐकलं जात होतं ते मुख्यतः सरकारदरबारी असलेल्या वजनामुळे.

दुसऱ्या प्रकारच्या नेतृत्वातून आलेल्या स्वतंत्र मतदारसंघांचा निर्णय पुढे स्वतंत्र भारतानं फिरवला. संविधानाच्या ३२५ व्या कलमानुसार प्रत्येक मतदारसंघाची मतदारयादी एकच असते आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणाला त्यातून वगळता येत नाही. पहिल्या प्रकारच्या कामाची मुळं मात्र टिकली. मुंद्र्याच्या शाळेपासून सुरू झालेली आगाखान संस्थांची साखळी आज आशिया आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत काम करते, आणि तिच्या शाळा-दवाखान्यांचा उपयोग करणाऱ्यांत इस्माइली नसलेले लोकही मोठ्या संख्येनं आहेत.